जनावराची सद्यस्थिती

आमच्या दवाखान्यात कुत्रा चावलेला माणूस आला की डॉक्टर विचारायचे, "कधी चावला?" मी विचारायचे, "कुठं चावला?" आणि खिडकीतले गांगुर्डे भाऊसाहेब विचारायचे, "कुत्रा कसा आहे?"

माणसं भडकायची. पोटरीतून रक्त वाहतंय, बायको रडतेय, आणि हा कारकून कुत्र्याची खुशाली विचारतोय! भाऊसाहेबांवर काही परिणाम होत नसे. ते पेन उघडून बसलेले असत. "रंग सांगा. कान कसे? शेपूट वळलेली की सरळ? कुणाच्या दारात बसतो?" एवढं लिहून झालं की मग माणसाचं नाव.

दवाखाना पंचवटीत, गोदावरीपासून हाकेच्या अंतरावर. भोवती धर्मशाळा. कुत्रं सहसा अनोळखी माणसावर धावतं, आणि अनोळखी माणसांचा आमच्याकडे बारा महिने सुकाळ. चावलेला माणूस बहुधा जखमेत मिरचीपूड नाहीतर चुना भरून यायचा. मी त्याला आधी नळाखाली उभं करून साबणानं सगळं धुवून काढायला लावायचे, आणि धुताना चार शब्द सुनावायचे. मग सुया. त्या काळी त्या पोटात द्यायच्या, चौदा, रोज एक. बेंबीभोवती घड्याळाच्या काट्यासारखं फिरत जायचं. सहावी-सातवी झाली की पोटावर हात ठेवू देत नसत माणसं. शिवाय ती लस मेंढीच्या मेंदूपासून केलेली. क्वचित एखाद्याला तिचाच त्रास होऊन पाय लुळे पडत. म्हणजे गरज नसेल तर उगाच देऊ नये, आणि गरज असेल तर एक दिवसही चुकवू नये.

गरज आहे की नाही हे फक्त कुत्र्याला माहीत. पिसाळलेला कुत्रा दहा दिवसांच्या आत मरतोच. म्हणून आमचे डॉक्टर सुया लगेच सुरू करत, पाचव्या दिवशी कुत्रा धडधाकट असेल तर थांबवत, आणि दहाव्या दिवसापर्यंत त्याच्यावर नजर ठेवा म्हणत. गावातला माणूस ठेवील नजर. यात्रेकरूनं काय करावं? तो संध्याकाळच्या गाडीनं नागपूरला जाणार. कुत्रा इथं, माणूस तिथं, आणि जीव टांगणीला.

आमच्या छापील रजिस्टरात शेवटचा रकाना होता, 'जनावराची सद्यस्थिती'. आधीच्या कारकुनांनी तिथं वर्षानुवर्षं 'अज्ञात' लिहिलं होतं. पुढंपुढं तर नुसतीच दोन टिंबं. त्र्याहत्तर साली भाऊसाहेब बदलून आले, त्यांनी जुनी रजिस्टरं चाळली आणि मला म्हणाले, "सिस्टर, रकाना आहे तर भरायला नको?"

मला वाटलं नव्याचे नऊ दिवस. ते तेरा वर्षं चाललं.

रोज सकाळी सातला भाऊसाहेब सायकलवरून पंचवटीतून एक फेरी मारायचे. किडकिडीत माणूस, पँटच्या पायाला सायकलची क्लिप. ती ऑफिसातही काढत नसत, कारण संध्याकाळी पुन्हा लावावी लागते. कॅरिअरला डबा, डब्यात वहिनींनी केलेल्या भाकरीचे तुकडे. ज्या कुत्र्याची चौकशी चालू असेल त्याच्या दिशेनं लांबूनच तुकडा टाकायचा, खातो का बघायचं, आसपासच्या माणसाला विचारून घ्यायचं आणि पुढं निघायचं. सगळ्या पंचवटीचा समज, भाऊसाहेबांना कुत्र्यांचा भारी लळा. खरी गोष्ट मला एकटीला ठाऊक होती. भाऊसाहेब कुत्र्याला भयंकर घाबरत. पाय पेडलवर, एक डोळा कुत्र्यावर, अशीच ती तपासणी व्हायची. फक्त दहाव्या दिवशी, शेवटची सही करायच्या आधी, ते सायकलवरून उतरून जवळून बघत. त्या दिवशी ऑफिसात आल्यावर आधी तांब्याभर पाणी प्यायचे.

रकान्यातल्या नोंदी मी अजून विसरले नाही. 'तांबडा, वृत्ती संशयी. भाकरी खाल्ली.' 'काळा, आखूड शेपूट. चावला, पण मनापासून नाही.' 'पांढरी कुत्री, चार पिलं. चूक यात्रेकरूची.'

आणि मग पोस्टकार्ड जायचं. 'स.न.वि.वि. आपणांस चावलेला कुत्रा आज सकाळी समक्ष पाहिला. प्रकृती उत्तम. सुया थांबवाव्यात. कळावे.' दहाव्या दिवशी दुसरं कार्ड, 'आता निर्धास्त असावे.' अशी कार्डं कुठकुठं गेली असतील, देव जाणे.

लासलगावच्या एका कांदा व्यापाऱ्याला असंच कार्ड गेलं, तर पोस्टमननं ते भर लिलावात आणून दिलं, आणि कुणीतरी मोठ्यानं वाचलं. मग काय, ट्रॅक्टरवाल्यापासून हमालापर्यंत जो तो विचारू लागला, "शेठ, कुत्रा काय म्हनतोय?" व्यापारी तणतणत नाशिकला आला. "भाऊसाहेब, बंद पाकिटात लिहायला काय झालं होतं तुम्हाला?"

"बंद पाकीट तुम्ही घरी जाऊन उघडलं असतं," भाऊसाहेब म्हणाले. "तोवर आणखी एक सुई झाली असती."

व्यापाऱ्यानं विचार केला आणि पोटाला हात लावून पाहिला. पुढच्या हंगामात अर्धं पोतं कांदा पाठवला. भाऊसाहेबांनी तो परत पाठवला, सोबत कार्ड, 'कांदा मिळाला. प्रकृती उत्तम. परत करीत आहे.'

ऐंशीच्या आसपास एक गोरा प्रवासी आला. लांब केस, पायात चपला, घोट्याला दात लागलेले. डॉक्टरांनी इंग्रजीत चार प्रश्न विचारले आणि चक्रावून बाहेर आले. म्हणाले, "यानं भारतात यायच्या आधीच तिकडं रेबीजची लस घेतलीय. दंडात. आता याला फक्त दोन द्यायच्या, त्याही त्याच नव्या लसीच्या. ती आपल्याकडं नाही. मुंबईला पाठवायला हवं."

भाऊसाहेबांचं पेन थांबलं. "म्हणजे कुत्रा चावायच्या आधी?"

"आधी."

"कुठला कुत्रा चावणार हे माहीत नसताना?"

"नसताना."

भाऊसाहेबांनी त्या माणसाकडं टक लावून पाहिलं. चांगलं दोन मिनिटं. मग मला म्हणाले, "सिस्टर, आपला माणूस चावल्यावरसुद्धा येत नाही हो." गोरा मुंबईला गेला, तरी त्याच्या कुत्र्यावर त्यांनी दहा दिवस नजर ठेवली आणि मुंबईच्या पत्त्यावर कार्ड टाकलं, इंग्रजीत. 'युवर डॉग इज वेल.' डॉक्टरांनी सुचवलं होतं, 'युवर' नको. भाऊसाहेब म्हणाले, "चावला त्यालाच ना? मग त्याचाच."

दुसऱ्यांच्या प्रवासाची एवढी काळजी वाहणारा हा माणूस स्वतः प्रवास करत नसे. एसटीत बसलं की त्यांना उलटी व्हायची. सातपूरला कारखान्यात मेहुणा होता, तिथवर ते सायकलनं जात. "सातपूरच्या पुढं माझं काही काम नाही," म्हणायचे. आणि दुसरं एक वाक्य त्यांच्या तोंडी कायम असे, "माणसाचा पत्ता बदलतो, कुत्र्याचा नाही." हे वाक्य त्यांनी एका जुलैपासून बोलायचं सोडलं. त्याचीच गोष्ट सांगायची आहे.

त्या जुलैत हिरामण आला. हरसूलच्या डोंगरातला, तिशीचा. उन्हाळाभर नाशकात एका बांधकामावर होता आणि आता भाताच्या आवणीला, म्हणजे रोपांच्या लावणीला, घरी निघाला होता. पेठ नाक्यावर बबनच्या चहाच्या टपरीशी लाल्या नावाचा तांबडा कुत्रा त्याच्या पोटरीला चावला. मी जखम धुतली, पहिली सुई दिली. म्हटलं, "उद्या ये."

"उद्या नाय जमायचं बाय. आवणी खोळंबल. मानसं नायत घरात."

हरसूलच्या दवाखान्यात लस मिळत होती, पण त्याचा पाडा तिथून दोन तासांच्या पायवाटेवर. रोज जाऊन-येऊन चार तास, तेही ऐन आवणीत. भाऊसाहेबांनी ते ऐकलं आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "तू जा. सुया चुकवू नको. कुत्र्याचं मी बघतो. पाचव्या दिवशी तुला कार्ड टाकतो."

"माला वाचता नाय येत."

"मास्तर आहे ना गावात? तो वाचील."

त्या आठवड्यात पाऊस असा कोसळत होता की समोरचं घर दिसू नये. भाऊसाहेब तरी रोज पेठ नाक्यावर जात. रेनकोट, सायकल, पाय पेडलवर. "बबन, लाल्या कसा आहे?" बबन टपरीच्या मागं बाकड्याखाली मुटकुळं करून पडलेल्या तांबड्या कुत्र्याकडं बोट दाखवायचा. "हा काय, झोपलाय." भाऊसाहेब तुकडा टाकायचे, कुत्रा खायचा. पाचव्या दिवशी कार्ड गेलं. हिरामणची आवणी वाचली म्हणून भाऊसाहेब त्या दिवशी शीळ घालत होते. मी त्यांना हसलेसुद्धा.

दहाव्या दिवशी ते सायकलवरून उतरले. कुत्रा उठून उभा राहिला. भाऊसाहेब म्हणाले, "बबन, हा कान कधी भरून आला?"

"कुठला कान?"

"लाल्याचा डावा कान फाटका होता. मी रजिस्टरात लिहिलंय."

बबननं गळ्यातल्या फडक्यानं कपबशी पुसायला घेतली. मग म्हणाला, "भाऊसाहेब, लाल्या गेला. तिसऱ्याच दिवशी. लाळ गळत होती, बाकड्याचा पाय चावत सुटला होता. पुलाखाली मरून पडला. हा त्याचा भाऊ."

"मग तू रोज मला..."

"तुम्ही एवढ्या पावसात त्याच्यासाठी येणार, वर भाकरी आणणार. मेला म्हणून कसं सांगू तोंडावर? म्हटलं, तुमच्या जिवाला लागेल."

भाऊसाहेबांनी त्याला एकच विचारलं, आणखी कुणाला चावला का. कुणाला नाही. मग सायकल हातात धरून चालत दवाखान्यात आले. खिडकीत बसले नाहीत. माझ्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "सिस्टर, मी माणूस मारला."

मी त्यांना बसवलं. ते पुढं म्हणाले, "बबनची चूक नाही. आठ वर्षं मी त्याला कुत्र्यांबद्दल विचारतोय. का विचारतो ते एकदाही सांगितलं नाही."

मला त्यांचा राग आला होता, खोटं कशाला सांगू. एवढी अक्कल असलेला माणूस, आणि चार पावलं खाली उतरायला घाबरला. त्यांनी लाल शाईची दौत मागून घेतली आणि हिरामणच्या ओळीत लिहिलं, 'वरील नोंद चुकीची. कुत्रा मेला. चूक माझी. गांगुर्डे.'

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं आम्ही दोघं निघालो. थर्मासात बर्फ, बर्फावर कापूस, कापसावर लसीची बाटली. थर्मास मी मांडीवर धरला होता, भाऊसाहेबांनी लिंबू हातात. त्र्यंबक ओलांडून घाट लागला आणि लिंबाचा काही उपयोग नाही हे सिद्ध झालं. हरसूलला उतरलो तेव्हा ते पिवळेधमक झाले होते. तिथून दोन तास चिखलातून. एकदाही थांबले नाहीत.

हिरामण आणि त्याची बायको मंजुळा गुडघाभर पाण्यात वाकून रोपं लावत होते. आम्हाला बघून तो सरळ झाला, हसला आणि म्हणाला, "भाऊसायेब! कुत्रा बरा हाय ना?"

तेरा वर्षांत हा प्रश्न भाऊसाहेबांना दुसऱ्या कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

"हिरामण, कुत्रा मेला," ते म्हणाले. "पिसाळलेला होता. मी दुसराच कुत्रा बघत राहिलो. कार्ड खोटं होतं. तुझ्या सुया थांबवायला नको होत्या."

हिरामणनं हातातली रोपं खाली ठेवली नाहीत. "सात झाल्यात. मंग आता?"

"आता पुन्हा चौदा. पहिल्यापासून."

"मंग मी जगंन?"

भाऊसाहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी खुशाल 'हो' म्हणणार होते. नर्सला तेवढं खोटं माफ असतं. पण ते माझ्याआधी बोलले. "बहुतेक."

मंजुळा बांधावर चढली. "बहुतेक म्हंजी काय?"

"म्हणजे बघावं लागेल, बाई. काही महिने. पाण्याची भीती वाटायला लागली तर..."

"कुत्र्याला तुमी रोज बघत व्हते ना?" मंजुळा म्हणाली. "मंग आता ह्याला बघा. मी पुरं म्हनं तवर यायचं. आन् ह्यो रोज सुई टोचाया गेला तर आवणी कोन करील?"

मी झोपडीत हिरामणला सुई दिली आणि दुपारच्या गाडीनं परत आले, एकटी. भाऊसाहेबांनी माझ्याजवळ तेरा दिवसांच्या रजेचा अर्ज दिला. रजेचं कारण लिहिलं होतं, 'जनावराची सद्यस्थिती पाहणे.' डॉक्टरांनी तो वाचला, चष्मा काढला, पुन्हा लावला आणि मंजूर केला.

हिरामण रोज हरसूलला जाऊन सुई घ्यायचा आणि त्याच्या जागी भाऊसाहेब वाकून रोपं लावायचे, पँटला क्लिप लावून. मंजुळा त्यांना दिवसभर बोलायची. त्या वर्षी हिरामणच्या एका वाफ्यातलं भात असं वाकडंतिकडं उगवलं की पाड्यावरची माणसं मुद्दाम बघायला यायची. हे मला पुढं हिरामणनंच सांगितलं.

मग बाजारचे दिवस सुरू झाले. दर आठवड्याला हरसूलच्या बाजाराला भाऊसाहेब एसटीनं जायचे. जाताना उलटी, येताना उलटी. हिरामण ठरल्या जागी उभा असायचा. भाऊसाहेब हॉटेलातून पेलाभर पाणी आणायचे, हिरामण ते त्यांच्यासमोर घटाघटा प्यायचा आणि पेला उपडा करून दाखवायचा. बस, एवढंच काम. बाजारातल्या लोकांना वाटायचं कसला तरी नवस आहे. परत आल्यावर ते रजिस्टर काढायचे. हिरामणच्या ओळीपुढं जागा संपली म्हणून पट्टीनं नवा रकाना आखला होता, 'माणसाची सद्यस्थिती'. त्यात बरोबरची खूण.

बाजाराच्या दुसऱ्या दिवशी त्यांचा चेहरा कसा आहे त्यावरून मला कळायचं, हिरामण वेळेवर भेटला की उशिरा. एकदा तो आलाच नाही. भाऊसाहेब तसेच दोन तास चालत पाड्यावर गेले. हिरामण सासुरवाडीला गेला होता. मंजुळानं त्यांना चहा दिला आणि म्हणाली, "बसा. तुमचाच चेहरा मेल्यावानी झालाय."

वर्ष झालं. डॉक्टर म्हणाले, गांगुर्डे, आता पुरे, धोका टळला. भाऊसाहेब म्हणाले, "मंजुळाबाई म्हणाल्या पाहिजेत." ती म्हणाली, दिवाळीनंतर येऊ नका. 'पुरं' मात्र म्हणाली नाही.

पण हिरामणला सवय लागली ती लागलीच. पुढं कधीही कामाला नाशकात आला की दवाखान्याच्या खिडकीशी यायचा, माठातलं पाणी स्वतः घेऊन प्यायचा, पेला उपडा करायचा आणि जायचा. भाऊसाहेब मान हलवायचे. आणि त्या जुलैनंतर ते प्रत्येक कुत्र्यापाशी सायकलवरून उतरत. घाबरत, पण उतरत. आणि टपरीवाल्यांना, पुजाऱ्यांना, भाजीवाल्यांना बसवून सांगत, कुत्रा मेला तर मला सांगा, मला वाईट वाटणार नाही, वाटलं तरी सांगा.

शहाऐंशीला ते निवृत्त झाले. नव्या कारकुनानं त्या रकान्यात पुन्हा टिंबं द्यायला सुरुवात केली, तेव्हा मी त्याची जी कानउघाडणी केली ती अख्ख्या दवाखान्यानं ऐकली. तोवर दंडातली नवी लसही यायला लागली होती, पाचच सुयांची. भाऊसाहेबांना सांगितलं तर म्हणाले, "पाचच?" आणि बराच वेळ आपल्याच पोटावर हात फिरवत बसले.

दोन वर्षांनी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. मी शेवटची भेटले ती त्यांच्या घरी, एका दुपारी. उजवी बाजू गेली होती, वाचा गेली होती. सून म्हणाली, "सकाळपासून पाणी घेत नाहीत. चमचा नेला की तोंड फिरवतात."

इतक्यात दारात हिरामण. मागं मंजुळा, डोक्यावर नव्या तांदळाचं गाठोडं. बातमी डोंगरात कशी पोचली कोण जाणे. हिरामण कॉटपाशी उभा राहिला, सुनेकडं पाणी मागितलं, पेलाभर घटाघटा प्यायला आणि पेला उपडा करून दाखवला. भाऊसाहेबांचं डावं बोट चादरीवर हललं. सुनेला वाटलं काही हवंय. मला कळलं, ते बरोबरची खूण करत होते. मी पदर डोळ्यांना लावला.

हिरामण कॉटच्या कडेला बसला. चमचा उचलला. "आता तुमी," म्हणाला.

भाऊसाहेबांनी तोंड फिरवलं. तो थांबून राहिला. मंजुळा मागून म्हणाली, "प्या भाऊसायेब. मी पुरं म्हनले नाय अजून." मग त्यांनी तोंड उघडलं. एक चमचा. दुसरा.

हिरामणनं चमचा उपडा केला, झटकला आणि माझ्याकडं वळला. त्याला लिहिता येत नव्हतं.

"बाय, लिवा," तो म्हणाला. "पानी प्याले."

भिंतीवर कॅलेंडर होतं. त्याचं पान उलटून मी पाठीमागच्या कोऱ्या बाजूला, भाऊसाहेबांना दिसेल असं लिहिलं, 'पाणी प्यायले. दोन चमचे. समक्ष पाहिले.'